मदत हवी: मलेरियानंतर भावाच्या हृदयाला सूज, शेतीचं काम कधी सुरू करू द्यावं?

नमस्कार मंडळी,

माझा लहान भाऊ, वय 34, धानोरा तालुक्यात (गडचिरोली) धानाची शेती करतो. दिवाळीच्या आधी थंडी वाजून ताप आला. आशाताईंनी किटवर तपासलं, फॅल्सिपेरम (मलेरियाचा जास्त घातक प्रकार) निघाला, गोळ्या लगेच सुरू झाल्या. ताप उतरला, पण छाती दुखायला लागली आणि अंगणापर्यंत चालला तरी दम लागायचा. नागपूरला नेलं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, इकोत हृदयाचं पंपिंग 35 टक्के (55 च्या आसपास किंवा वर हवं), अँजिओग्राफीत ब्लॉक नाही. निदान मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज.

डॉक्टरांनी समजावलं की या मलेरियात परजीवी शिरलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, अंगात दाह उसळतो आणि क्वचित त्याचा मार हृदयाच्या स्नायूवर बसतो. किमान 3 महिने जड काम बंद, मग परत इको.

अडचण इथेच आहे. दिसायला तो ठणठणीत. कापणी झाली, चुरणं बाकी, मजूर मिळत नाहीत. मोठे बाबा म्हणतात, ताप गेला म्हणजे माणूस बरा झाला. परवा तो धानाचे भारे उचलताना दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. सुजलेल्या स्नायूवर ताण पडला तर ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं, हे घरात कुणाला खरंच वाटत नाही.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा, पंपिंग सुधारायला किती काळ लागला? कार्डियाक एमआरआय सुचवलाय, नागपुरात सरकारी दवाखान्यात कुठे होतो, महात्मा फुले योजनेत बसतो का? हृदयावरचा भार कमी करायला बीपीच्या गोळ्या दिल्यात. त्या आम्ही बंद केलेल्या नाहीत, पण उठताना चक्कर येते. तारखेआधीच दाखवावं का?

आणखी एक. परजीवीमुळे हृदयाला सूज असं नेटवर शोधलं की चागस रोगच समोर येतो. तो लॅटिन अमेरिकेतला, त्याची भीती नाही. पण 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ढोरांच्या सर्रा रोगाचा, चागसच्याच कुळातला परजीवी सापडला होता, हे ऐकून आईची झोप उडाली, कारण भाऊ सदा ढोरांत असतो. ते प्रकरण फार विरळ होतं, शिवाय भावाचं निदान स्पष्ट आहे. तरी इथे कुणी पशुवैद्यक असतील तर आईला वाचून दाखवता येईल असं थोडं लिहा.

आणि मोठ्या बाबांसारख्यांना तुम्ही कसं पटवलंत, तेही सांगा.