फसलेला नाश्ता : मालकाशी बोलू की रिव्ह्यू लिहू?

मंडळी, मदत हवी आहे. नव्यानेच सुरू झालेल्या एका रेस्टॉरंटमध्ये काल घरच्यांना घेऊन नाश्त्याला गेलो. अंडी इतकी उकडलेली की बलकाभोवती हिरवट-करडी कडा आलेली. टोस्ट गार, लोणी वितळेचना, नुसता गोळा होऊन बसलेलं. कॉफी आली ती सगळं खाऊन झाल्यावर! वाढणारी मुलं मात्र खरंच अदबीनं वागत होती, त्यामुळे तिथे तोंड उघडवलं नाही. नव्या जागेची घडी बसायला वेळ लागतो हे मान्य, पण बिल तर पूर्ण घेतलं ना? तरी एक स्टार देऊन कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. मालकाला फोन करावा, की सरळ रिव्ह्यू लिहावा? या व्यवसायातलं कुणी असेल तर सांगाल का, तक्रार कशी मांडली की स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते?