इंदूरला रात्री दोन वाजता मुलं टक्क जागी: उपाय?

प्रेषक: रामबागेची सून

नमस्कार मंडळी,
परवा न्यू जर्सीहून मुंबईमार्गे इंदूरला सासरी पोहोचलो. मोठा चार वर्षांचा, धाकटी दीड. रात्री दोनला दोघं टक्क जागी. एकाला गाड्या हव्यात, दुसरीला वरणभात. सकाळी आजोबा हौसेने पोहे-जलेबी आणतात, तेव्हा यांच्या माना पडलेल्या. सासूबाई म्हणतात, दुधात जायफळ उगाळून दे. काका म्हणतात, जागीच आहेत तर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात चला, गराडू (तळलेला कंद) खाऊ घालतो. शनिवारी घरी नणंदेचं केळवण आहे. तोवर गाडी रुळावर येईल का?

प्रेषक: एडिसनचा डॉक्टर

वहिनी, शनिवारपर्यंत पूर्ण नाही येणार. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि भारतात साडेदहा तासांचं अंतर असतं आणि मेंदूतलं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. आठवडा तरी धरा, वर दोन-चार दिवस.

रात्री झोपवायच्या मागे लागू नका, दुपार सांभाळा. घड्याळ हलवतो तो मुख्यतः उजेड, पण तो कोणत्या वेळी डोळ्यांवर पडतो यावर सगळं आहे. सकाळी जाग यायच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. त्यानंतरचा उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो, त्याआधीचा पलीकडे लोटतो. तिकडे साडेसहाला उठणाऱ्या मुलाचा हा क्षण पहाटे चारच्या आसपास, म्हणजे इंदुरात दुपारी अडीच! तेव्हा पहिले दोन-तीन दिवस तीनपासून ऊन उतरेपर्यंत मुलं बाहेर हवीत. गच्ची, अंगण, नेहरू पार्क, काहीही चालेल. मग ही वेळ रोज तासभर अलीकडे घ्या.

गंमत अशी की नेमकं याच वेळी आपल्याकडे जेवणं उरकून, पडदे ओढून सगळं घर आडवं होतं, आणि मूलही आजीच्या कुशीत चार-चार तास झोपतं. 'झोपू दे गं, दमलंय' हे वाक्य पहिला आठवडा घरात बंद करा. दुपारची झोप दीड तास, अडीचला उठवायचं. रडेल, हातपाय झाडेल. तोंडावरून ओला हात फिरवा, केळं द्या आणि उचलून गच्चीवर न्या.

रात्री उठलीच तर भूक खरी असते, कारण त्यांच्या पोटात तेव्हा दुपार असते. दहीभात, केळं असं काहीतरी उशाशी ठेवा. दिवा मंद, टीव्ही-टॅबलेट नाही, गाड्याही अंथरुणातच. सराफा मात्र नको. तिथल्या झगमगाटाने घड्याळाचं फार बिघडत नाही, पण रात्री एकला मजा असते हे मूल एकदा शिकलं की संपलं.

प्रेषक: तिलक नगरची आजी

डॉक्टरसाहेब, जायफळाचं काय ते सांगितलंच नाहीत. आमच्याकडे सगळी नातवंडं गुटीवरच वाढली. वळसाभर जायफळाने कुणाचं काही बिघडलेलं पाहिलं नाही मी.

प्रेषक: एडिसनचा डॉक्टर

काकू, वळसाभर म्हणजे किती हीच पंचाईत आहे. एकीचा हात हलका, दुसरीचा जड. जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. जास्त गेलं तर गुंगी येते, छाती धडधडते, भ्रमही होतो. दीड वर्षाच्या मुलीला मी देणार नाही. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजणं तर मुळीच नको. मेलाटोनिन, म्हणजे झोपेच्या संप्रेरकाची गोळीही मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तुमचं तेल लावणं आणि अंगाई मात्र रोज इंदूरच्या आठला, त्याच क्रमाने हवी. तिथे आमची औषधं फिकी.

प्रेषक: सुदामा नगर, सध्या टोरांटो

आमच्याकडे खरा त्रास पाहुण्यांचा. रात्री नऊला मामेसासरे येणार, 'उठवा हो, एकदा बघू तरी' म्हणणार. नवऱ्यानेच फोन करून सगळ्यांना चारला बोलवावं. सुनेने सांगितलं की ते वेगळं ऐकू येतं. आले की त्यांच्याच हाती पोरं देऊन गच्चीवर पाठवा.

आणि केळवण दुपारी बाराचं ठेवू नका, मुलं पाटावरच पेंगतील. संध्याकाळी सहाला ठेवा, तेव्हा जर्सीत सकाळचे साडेसात. दोघं ताजीतवानी असतील, फोटोही बरे येतील.

प्रेषक: रामबागेची सून

केळवण सहाला ठरलं. गच्चीचं खातं आजोबांनी घेतलंय. आज त्यांनी मोठ्याला अडीचला उठवलं. तो रडला, सासूबाईही रडल्या, पण पाचपर्यंत दोन्ही मुलं उन्हात होती. जायफळ श्रीखंडात जाणार आहे. काका अजून रुसलेत, त्यांना पुढच्या रविवारचा सराफा कबूल केलाय, मुलांना घरी ठेवून.