ग्रीन कार्डाच्या फॉर्मवरचा ए-नंबर : दोन निघाले तर काय आणि एकही नसेल तर काय?

टेकडीवाली
नमस्कार मंडळी, अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेतून गेलेल्या जाणकारांसाठी प्रश्न आहे. नवऱ्याची आय-१४० (नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची पिटिशन) बरीच जुनी, प्रायॉरिटी डेट (रांगेतली आमची तारीख) एकदाची करंट झाली, म्हणजे पाळी आली, आणि वकिलाने आम्हाला आय-४८५ ची, म्हणजे ग्रीन कार्डाच्या मुख्य अर्जाची, प्रश्नावली पाठवलीये. त्यात सुरुवातीलाच ए-नंबर (एलियन नंबर, परदेशी माणसाच्या सरकारी फायलीचा) विचारलाय, मग यूएससीआयएस (इमिग्रेशन खातं) चा ऑनलाइन अकाउंट नंबर, मग सोशल सिक्युरिटी, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) नंबर, नुसते आकडेच आकडे. नवऱ्याचे ए-नंबर दोन निघालेत, एक ओपीटीच्या (विद्यार्थी व्हिसावरच्या नोकरीच्या) वेळच्या ईएडी (वर्क परमिट) कार्डावर आणि दुसरा आय-१४० च्या अप्रूव्हल नोटिशीवर, आणि दोन्ही पूर्ण वेगळे. माझ्याकडे मात्र एकही नाही, मी एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर आहे, एच-४ ईएडी आहे पण त्यावर ए-नंबर असं कुठेच लिहिलेलं दिसत नाही. मग तिथे आयओई ने सुरू होणारा नंबर टाकायचा का? मुलगी भारतात जन्मलेली, तिच्याकडे तर पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ सोडून काहीच नाही. वकिलाच्या ऑफिसात विचारलं की "फॉर्म प्रमाणे भरा" एवढंच उत्तर येतं, म्हणून इथे धागा काढला.

पावशेर
ताई, आधी तुमचं ईएडी कार्ड हातात घ्या. फोटोच्या बाजूला यूएससीआयएस# असं लिहून खाली तीन-तीनच्या गटात नऊ आकडे असतील बघा. तोच तुमचा ए-नंबर. ए अक्षर कार्डावर छापत नाहीत म्हणून लोकांना वाटतं की आपल्याकडे नाहीच. ग्रीन कार्डावरही २०१० च्या नव्या डिझाइनपासून तसंच आहे.

आयओई वाला नंबर तिथे अजिबात टाकू नका, तो रिसीट नंबर, तीन अक्षरं आणि दहा आकडे. तो तुमचा नाही, अर्जाचा. म्हणजे उद्या तुम्ही आय-४८५ सोबत ईएडी साठी आय-७६५ आणि प्रवासासाठी आय-१३१ टाकलात तर तिन्हीचे रिसीट नंबर वेगळे येणार पण ए-नंबर तिन्ही नोटिशींवर एकच. कार्डावर अजून एक कार्ड नंबर असतो, तो दिसायला रिसीट नंबरसारखाच, पण तो त्या प्लास्टिकच्या तुकड्याचा, नवीन कार्ड आलं की बदलतो. कुठलाही आकडा समोर आला की हा माणसाचा, अर्जाचा, की कार्डाचा एवढं विचारा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

मध्यरात्रीचा_चहा
दोन ए-नंबर ही भानगड आपल्या लोकांत सर्रास आहे, घाबरू नका. ओपीटीच्या ईएडी ला एक मिळतो आणि पुढे आय-१४० च्या वेळी जुना नंबर कोणी कळवला नाही की सिस्टीम दुसरा काढते. नियमाने एका माणसाचा एकच हवा, पण दोन निघाले म्हणजे तुम्ही काही लबाडी केलीत असं कोणी समजत नाही, ते नंतर दोन्ही फायली एकत्र करतात.

महत्त्वाचं म्हणजे दोन्ही सांगायचे, एकही लपवायचा नाही. आय-४८५ मध्ये तुम्हाला याआधी दुसरा ए-नंबर कधी मिळाला होता का असा सरळ प्रश्नच आहे, तिथे हो म्हणून दुसरा लिहायचा. आमच्या वकिलाने आय-१४० वरचा मुख्य जागी घातला कारण अर्ज त्याच पिटिशनच्या जोरावर आहे, आणि ओपीटीवाला त्या दुसऱ्या रकान्यात. तुमच्या वकिलाकडून याच एका मुद्द्यावर लेखी उत्तर घ्या, "फॉर्म प्रमाणे" हे उत्तर नव्हे. मग ४८५ ची रिसीट नोटीस आली की तिच्यावर कुठला छापलाय ते बघा आणि पुढचे सगळे फॉर्म त्यानेच भरा.

टेकडीवाली
@पावशेर सापडला!! सी२६ कॅटेगरी लिहिलंय त्याच कार्डावर आहे, इतके दिवस पाकिटात घेऊन फिरतेय. मुलीचं काय करू मग? आणि ऑनलाइन अकाउंट नंबर?

पावशेर
मुलीला अजून मिळालाच नसेल तर तो रकाना रिकामा किंवा लागू नाही असं, वकील सांगेल तसं. अर्ज गेल्यावर तेच तिला नंबर देतात, बायोमेट्रिक्सच्या (ठसे-फोटोच्या) अपॉइंटमेंट नोटिशीवर तरी दिसतोच. तुमचा किंवा नवऱ्याचा नंबर तिच्या फॉर्मवर तिचा म्हणून टाकू नका, प्रत्येकाची फाइल स्वतंत्र, अगदी तान्ह्या बाळाचीही.

अकाउंट नंबर १२ आकडी असतो, ए-नंबरशी संबंध नाही. ऑनलाइन अकाउंट असेल तर प्रोफाइलमध्ये दिसेल. नसेल तर सोडून द्या, फॉर्मवरच "असल्यास" लिहिलंय.

आज्जीचा_चष्मा
आमच्या केसमध्ये आईबाबा मुंबई कॉन्सुलेटमधून आले, त्यांची गंमत वेगळी म्हणून लिहितोय, कोणाला तरी उपयोग होईल. तिथे सुरुवातीला ए-नंबर नसतोच. आधी आय-१३० (नातेवाइकासाठी केलेली पिटिशन) चा रिसीट नंबर, मग केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली की बीएमबी ने सुरू होणारा केस नंबर आणि त्याच्यासोबत इनव्हॉइस आयडी. या दोन्हीशिवाय साइटवर लॉगिन होत नाही, त्यामुळे ती ईमेल डिलीट करू नका. (हौशी माहिती: बीएमबी म्हणजे मुंबई, पुढे साल, मग वर्षातला कितवा दिवस त्यात ५०० मिळवून, आणि शेवटी अनुक्रमांक. हे कळल्यावर बाबा नातेवाइकांचे नंबर मागून मागून उलगडून सांगायला लागले.)

ए-नंबर त्यांना व्हिसासोबतच मिळाला. पासपोर्टवर व्हिसाचं जे स्टिकर लागतं त्यावर तो रजिस्ट्रेशन नंबर या नावाने येतो, आणि बीएमबी वाला आयव्ही केस नंबर या नावाने. इमिग्रंट फी ऑनलाइन भरताना हेच दोन लागतात, २०२४ च्या एप्रिलपासून ती २३५ डॉलर आहे. खाली लाल रंगात छापलेला असतो तो व्हिसा नंबर, त्याचा इथे उपयोग नाही. फी भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत, पण आल्यावर विमानतळावर व्हिसावर शिक्का बसला की तोच एक वर्ष ग्रीन कार्डाच्या जागी चालतो, त्यामुळे कार्डासाठी जीव काढायची गरज नाही.

खडूफळा
जरा इतिहास. हा ए-नंबर आजकालचा नाही, १९४० च्या कायद्यातून आलाय. युद्धाचे दिवस, देशात परके किती आहेत ते मोजायचं होतं, तर १४ वर्षांवरच्या सगळ्यांना पोस्ट ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे देऊन नोंद करायला लावली. १९४४ पासून त्याच नंबराखाली माणसाची सगळी कागदपत्रं एका फायलीत ठेवायला लागले, तिलाच ए-फाइल म्हणतात. म्हणून जुन्या मंडळींचे नंबर सात-आठ आकडीही असतात, फॉर्मवर नऊ हवे असतील तर ए च्या लगेच पुढे शून्य लावायचे, शेवटी नाही. आणि हा नंबर सिटिझन झाल्यावरही सुटत नाही, नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर तो असतोच, त्या सर्टिफिकेटचा स्वतःचा नंबर वेगळा.

सोशल सिक्युरिटी नंबरही नऊ आकडीच, त्यामुळे नोकरीच्या आय-९ फॉर्मवर लोक एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळे होतात, ते सांभाळा.

मध्यरात्रीचा_चहा
आणि कृपा करून इथे किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशींचे फोटो जसेच्या तसे टाकू नका. नुसता रिसीट नंबर हातात असला तरी कोणीही सरकारी साइटवर तुमच्या केसचं स्टेटस बघू शकतं. मग फोन येतो, तुमची केस अडकलीये, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा, आणि केसबद्दल खरी माहिती बोलतात म्हणून माणूस फसतो. यूएससीआयएस असे फोन करून पैसे मागत नाही.

टेकडीवाली
सगळ्यांचे खूप आभार, आज रात्री बसून भरून टाकते. एकच शेवटचं, नवऱ्याचं ओपीटीचं मूळ कार्ड हरवलंय, फक्त अर्धवट झेरॉक्स आहे आणि नेमके शेवटचे दोन आकडे कापले गेलेत.

पावशेर
अंदाजाने भरू नका. त्यावेळी जिथे नोकरी लागली तिथे आय-९ साठी कार्डाची कॉपी घेतली असण्याची शक्यता आहे, एचआरला ईमेल टाका. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही विचारा, बरीच ऑफिसं ईएडी ची कॉपी मागून घेतात. काहीच नाही मिळालं तर यूएससीआयएस कडे ऑनलाइन एफओआयए (आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा) अर्ज करून स्वतःची फाइल मागवता येते, पण त्याला वेळ लागतो, त्यासाठी ४८५ थांबवू नका. डेट परत मागे गेली, म्हणजे अर्जाची पाळी पुन्हा लांबली, तर पंचाईत होईल, तेव्हा अर्धवट नंबरचं काय लिहायचं ते वकिलाला विचारून अर्ज आधी जाऊ दे.