तालीम: आखाड्यातली की नाटकातली?

विंगेतला
परवा संस्थेच्या गटावर "उद्या सातला तालीम" असा निरोप टाकला. दिल्लीहून आलेल्या आमच्या नव्या प्रकाशवाल्याने विचारलं, "कसला वर्ग आहे?" त्याच्या हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. माझ्या मामाच्या लेखी तालीम म्हणजे लाल माती. मग रिहर्सलला आपण तालीम का म्हणतो? आणि 'रंगीत तालीम'मधलं रंगीत म्हणजे नक्की काय?

मोडीवाला
शब्द अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेला. इल्म आणि मालूम हे त्याचेच भाऊबंद. मूळ अर्थ शिकवणं. 'ताल धरून करायची ती तालीम' अशी व्युत्पत्ती मीही ऐकली आहे, ती सोडून द्या. हिंदी-उर्दूने मूळ अर्थ जपला. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी मांडलेली 'नई तालीम' त्यातलीच. मराठीने मात्र पाटी-पुस्तकाचं शिकणं शाळेकडे दिलं आणि अंगात भिनवायच्या गोष्टी तालमीकडे ठेवल्या: कुस्ती, गाणं, नाटक.

रंकाळा
आमच्या कोल्हापुरात तालीम ही आधी जागा. कुस्तीचा मातीचा हौदा, मारुती, भिंतीवर जुन्या पैलवानांच्या तसबिरी. पुढे पेठेतली मंडळंही त्याच नावाने. पाटाकडील तालीम मंडळ तर फुटबॉलसाठी प्रसिद्ध! पुण्यातही मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. मी कॉलेजात नाटकात होतो तेव्हा "तालमीला चाललो" म्हटलं की आजी विचारायची, "लंगोट घेतलास का?"

नांदीपासून
संगीत नाटकमंडळ्यांत 'तालीम मास्तर' हा हुद्दाच असायचा. 'शारदा' (१८९९) लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यातलं मोठं नाव. तालीम मास्तर नुसतं "इकडून ये, तिकडे बस" सांगणारा नव्हे. वाक्य कुठे तोडायचं, कुठल्या शब्दावर वजन टाकायचं, हे तो स्वतः म्हणून दाखवायचा आणि नटाच्या तोंडी बसेपर्यंत सोडायचा नाही. म्हणजे ती शिकवणीच, मूळ अरबी अर्थाला धरून. पुढे मास्तर गेले, दिग्दर्शक आले. नावातच फरक आहे बघा: हा दिशा दाखवतो, चालायचं नटाने. जुन्या पद्धतीत सगळे नट मास्तरांसारखे बोलायला लागायचे हा तोटा होताच, पण उच्चार स्वच्छ असायचे. आताच्या कित्येक प्रयोगांत तिसऱ्या रांगेत शब्द पोचत नाही. असो, तो वेगळा विषय.

त्याच्याही आधी, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'त (१८४३) पद्यं सूत्रधार म्हणे आणि गद्य संवाद नट आयत्या वेळी रचत. दशावतारात आजही संवाद लिहिलेले नसतात. तिथे वाक्य घोटून घेणारी तालीम कशाची असणार?

खर्ज
गाण्यात भेद कडक आहे. रियाज आपला आपण करायचा, तालीम गुरूकडून घ्यायची. "मी रोज दोन तास तालीम करतो" असं कुणी गवई म्हणाला तर कानाला खटकतं. नाटकवाले मात्र खुशाल तालीम 'करतात'.

विंगेतला
करतो कारण शिकवणारा कोपऱ्यात चहा पीत असतो! पण 'अमक्याच्या तालमीत तयार झालेला' म्हणताना आपण नाटकवालेही गुरूच धरतो. हे राजकारणातल्या कार्यकर्त्यालाही लागू. पण रंगीतचं राहिलं.

पावडरचा डबा
तोंडाला रंग लावून, कपडे चढवून करायची, म्हणून रंगीत. काही जण ते रंगभूमीतल्या 'रंगा'शी जोडतात. मला पटत नाही. तसं असतं तर 'रंगतालीम' झाली असती. हल्ली पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतली पोरं 'जीआर' म्हणतात, ग्रँड रिहर्सल. पहिल्यांदा "उद्या जीआर आहे" ऐकलं तेव्हा मला वाटलं मंत्रालयातून काहीतरी निघालंय.

आणि कृपया 'तालीमला' लिहू नका. तारीख-तारखेला, तसं तालीम-तालमीला.

विंगेतला
दुरुस्ती मान्य. आमचा दिल्लीवाला काल तालमीला आला, वर्गच समजून, नवी कोरी वही घेऊन. शाळेचाच वर्ग होता. आधी बाकं सरकवायला लावली.