गोल म्हणजे ओ, ओ म्हणजे ऑन!

फ्रीजच्या आतल्या गोल बटणावर १ ते ७ आकडे असतात. आमच्या घरी दहा वर्षं समज एकच: पहिला नंबर म्हणजे सगळ्यात गार. त्यामुळे मे महिन्यात आई बटण १ वर आणायची आणि दूध नासलं की दूधवाल्याच्या नावाने खडे फोडायची. थंडीत ७ वर, मग कोथिंबीर काळी आणि दह्यात बर्फ. शेवटी माहितीपत्रक सापडलं, फ्रीजच्याच मागे. आकडा मोठा, तसा फ्रीज जास्त गार! तुमच्याकडे काय काय झालंय? लिहा, लाजू नका.

*

आमच्या काकू डी लिहिलेला सिलिंडर घ्यायच्याच नाहीत. ए उत्तम, बी बरा, डी म्हणजे उरलासुरला, असा हिशेब. एकदा सिलिंडरवाला वैतागला आणि वरच्या कड्याखालच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "काकू, हा दर्जा नाय, तारीख हाय." वर्षाचे चार भाग: ए मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, पुढे साल. डी-२७ म्हणजे डिसेंबर २०२७ पर्यंत त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, पण ए असेल तर ए च दे."

*

अहो, त्याच सालचा ए तर डीच्या नऊ महिने आधी संपतो!

*

इन्व्हर्टरच्या खटक्यावर एक उभी रेघ आणि एक गोल. गोल म्हणजे ओ, ओ म्हणजे ऑन, असं धरून अख्खी रात्र अंधारात काढली. ऑफसुद्धा ओनेच सुरू होतं हे सकाळी सुचलं. रेघ म्हणजे १, चालू. गोल म्हणजे शून्य, बंद.

*

गाडीच्या किल्लीतला सेल संपला. दुकानदाराने सीआर २०२५ हातात ठेवला, "सेमच असतो, तीन व्होल्टचा." बसला, पण किल्ली मनाला येईल तेव्हा चालायची. खाली चांदीच्या कागदाची घडी घालून आठवडा काढला. मग ऑफिसातल्या मित्राने जुना २०३२ आणि हा, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. माझा २.५ चा. पाऊण मिलिमीटरही नाही, आणि तेवढ्यासाठी मी पार्किंगमध्ये गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होतो.

*

एसीच्या रिमोटवर थेंब दिसला, पाणी गळतंय समजून मेकॅनिक बोलावला. व्हिजिटचे ४०० रुपये गेले. तो ड्राय मोड होता, दमटपणा काढणारा. मुंबईच्या पावसाळ्यात आता तोच लावतो.

*

पेट्रोलच्या काट्याजवळचा छोटा बाण टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते सांगतो. मला हे कळलं दुसरी गाडी घेतल्यावर.

*

धागाकर्ती: सिलिंडर फिरवून पाहिला, आमचा बी-२८. मिक्सरवरचा पी म्हणजे पॉवर, असं आई म्हणते. खरं का?

*

पल्स. धरून ठेवाल तेवढंच फिरतं. शेंगदाण्याचं कूट त्यावरच करा, नाहीतर तेल सुटतं.