कृष्णेतून ऊस न्यायचा तर आधी बंधाऱ्यांचे बरगे काढा

काही जण सुचवतात की बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या चिकोडी-अथणीचा ऊस आणि साखर कृष्णेतून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेने नेली तर डिझेल वाचेल. पाण्यावरची वाहतूक स्वस्त पडते, हे मान्य. पण २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात कृष्णेचा मार्ग वरच्या बाजूला बागलकोट जिल्ह्यातल्या गलगलीपाशीच संपतो. म्हणजे आपला पट्टा त्यात नाहीच. घटप्रभा आणि मलप्रभा मात्र यादीत आहेत, हो, कागदावर!

आणि नदीत बंधारे किती आहेत ते बघा की. कल्लोळ-यडूरसारख्या ठिकाणी पावसाळा सरला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घालून पाणी अडवतात. त्यावरच शेती, त्यावरच प्यायचं पाणी. बार्ज जायचं तर प्रत्येक बंधाऱ्याला लॉक हवं, म्हणजे पाणी भरून-सोडून नाव वर-खाली करणारा दरवाजांचा कप्पा, गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याला आहे तसा. पावसात तेच बंधारे पाण्याखाली जातात, तेव्हा बार्ज काय, साधी नावही बंद. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की कर्नाटक सरकार कोयना-वारणेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला पत्रं लिहितं. ते पाणी आलंच तर शेतीपंपांच्या आधी बार्जला कोण देणार? त्यापेक्षा बेळगाव-मिरज रेल्वेमार्गावर साखरेच्या वाघिणी (मालडबे) वाढवायची मागणी करा, ती आजही होण्यासारखी आहे.