शब्दचर्चा : नाणे ‘पुनर्मुद्रित’ होते काय?

प्रश्न : नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या चांदीच्या नाण्यांविषयी वाचताना ‘नहपानाची नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुनर्मुद्रित केली’ असे वाक्य हटकून भेटते. पुस्तकाच्या बाबतीत वापरायचा शब्द येथे योग्य आहे का? तसेच राजाचा चेहरा असलेल्या नाण्याला ‘मुखमुद्रा’ म्हणावे काय?

उत्तर : ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे आहे तोच मजकूर पुन्हा छापणे, आणि जोगळटेंभीला घडले ते याच्या नेमके उलट. नहपान या पश्चिम भारतातील शक राजाच्या (क्षत्रपाच्या) नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा व भोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत नाव असे. त्याचा पाडाव केल्यावर सातवाहन घराण्यातील राजा गौतमीपुत्राने ही नाणी सरसकट वितळवली नाहीत. तीच नाणी घेऊन त्याने एका बाजूवर तीन कमानींचा डोंगर व आपले नाव आणि दुसऱ्या बाजूवर ‘उज्जैन चिन्ह’ म्हणून ओळखली जाणारी खूण ठोकली. तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या त्या साठ्यातील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. तो जेथे उथळ किंवा तिरका बसला, तेथे डोंगराच्या कमानीखालून जुन्या राजाचा चेहरा अजून डोकावतो. अशा नाण्याला ‘पुनर्मुद्रांकित’ म्हणणे बिनचूक आहे. बोलताना मात्र मला ‘फेरठसा मारलेले नाणे’ अधिक आवडते, कारण फेरतपासणी, फेरमतदान यांच्या पंगतीत हा शब्द सहज बसतो.

‘मुखमुद्रा’ नको, कारण मराठीत तिचा अर्थ चेहऱ्यावरचा भाव असा पक्का झाला आहे. ‘राजमुद्रा’ म्हटले की शिवछत्रपतींची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ आठवते आणि तिच्यावर तर केवळ अक्षरेच आहेत. व्हिक्टोरियाच्या रुपयाला लोकांनी ‘राणीछाप’ म्हटले, त्याच धर्तीवर ‘राजाछाप’ चालेल. मात्र विडी-काडेपेटीच्या जाहिरातींनी ‘छाप’ला थोडा दुकानी वास आणला आहे, म्हणून अभ्यासलेखात ‘मुखांकित’ बरा.

आणखी एक मत : उत्तर पटले, केवळ अशा नाण्यांविषयी लिहिताना ‘दुर्मीळ’ हे विशेषण जपून वापरावे. जोगळटेंभीची फेरठशाची नाणी हजारोंनी मिळाली आहेत. खरी दुर्मीळ आहेत ती सातवाहनांची स्वतःची मुखांकित चांदीची नाणी. या घराण्याचे नेहमीचे चलन शिसे, तांबे आणि मिश्रधातूचे होते आणि त्यावर हत्तीसारखी चिन्हे असत. गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि पुढे यज्ञ सातकर्णी यांनी क्षत्रपांच्या धर्तीवर चांदीवर आपला चेहरा उमटवला. त्यांच्या या नाण्यांना ‘फेरठशाची’ म्हणू नये. ती नव्याने पाडलेली आहेत, आणि नाणी ‘पाडणे’ हे क्रियापद मराठीत आधीपासून आहेच.